येळवशीच्या उन्हात वाळत घातलेले सेल

आमच्या कॉलनीत माझं नाव फार थोड्यांना ठाऊक आहे. मी म्हणजे 'सेलवाले काका'. नांदेडात रेल्वेच्या नोकरीत केस पांढरे केले, निरोपाला शाल-नारळ मिळाला, साहेबलोकांनी भाषणात मला 'शिस्तीचा माणूस' म्हटलं, आणि त्या शिस्तीचं पुढं काय झालं? तर मी दारोदार फिरून लोकांच्या रिमोटमधले संपलेले सेल मागतो. बायको म्हणते, "भंगारवाला बदल्यात काहीतरी देऊन तरी जातो हो. तुम्ही भाषण देऊन येता."

ते भाषण मला तोंडपाठ आहे. सेल घंटागाडीत टाकू नका. वरचं कवच सडतं, आतला माल मातीत उतरतो, मातीतून पाण्यात. शेकोटीत तर मुळीच टाकू नका, फुटतो. दोन टोकं एखाद्या धातूला टेकली तर तापतो, कचऱ्याला आग लागते. आणि ते चपटे बटन सेल, घड्याळातले, खेळण्यातले, ते लेकरानं गिळले तर घशात आतून भाजतं. केळं चारत बसू नका, सरळ दवाखाना गाठा. हे सगळं खरं आहे. अडचण एवढीच, की मी ते कुठंही सांगतो. दहाव्याला गेलो तरी नजर भिंतीवरच्या घड्याळाकडं जाते.

माझ्या खिशात एक वेळ पेन नसेल, पण टेपचं रीळ असतं. सेल हातात आला की टोकांना टेपची पट्टी, आणि मग प्लास्टिकच्या बरणीत. बरणी भरली की एका कॉलेजच्या दारात कुलूपबंद पेटी आहे, तिच्यात नेऊन ओतायची. तिथून कुणीतरी गाडी घेऊन येतं, पुढं कारखान्यात सेल फोडून त्यातला धातू वेगळा काढतात. तो कारखाना मी बघितलेला नाही. पण बघून आल्यासारखं बोलतो.

मेलेला सेल कुठला आणि जिता कुठला, हे ओळखण्यात माझा हात कुणी धरणार नाही असा माझा समज होता. मेव्हणीच्या घरी बारसं होतं. भिंतीवरचं घड्याळ बंद दिसलं. लगेच स्टुलावर चढलो, सेल काढला, टेप लावली, खिशात टाकला आणि खाली उतरून जमलेल्या बायकांना माहिती दिली. नंतर कळलं, घड्याळाचा सेकंदकाटा तेवढा तुटलेला होता. बाकी ते ठणठणीत चालू होतं. सगळ्यांच्या हातात मोबाइल होते म्हणून पाळण्याची वेळ टळली नाही, पण मेव्हणी माझ्याशी पुढं बरेच दिवस सरळ तोंडानं बोलली नाही. त्यावरून शहाणं व्हावं की नाही माणसानं? मी झालो नाही. आणि मग उदगीरला जे व्हायचं ते झालं.

उदगीरला अप्पा असतात, म्हणजे माझे वडील. धाकट्या भावाकडं राहतात. वय पंच्याऐंशीच्या पुढं, कपाळावर विभूतीचे पट्टे, डोक्यावर पांढरी टोपी. दात शाबूत, नजर शाबूत, जिभेची धार तर विचारूच नका. फक्त कान गेले. शेजारी लग्नाचा बॅन्ड वाजत असला तरी अप्पा आपले शांतपणे सुपारी कातरत बसतात. भावानं त्यांना कानाचं यंत्र आणून दिलं. अप्पा त्याला 'मिशीन' म्हणतात. ते कानात कुरकुर करतं म्हणून रोज लावत नाहीत. "तुमी जे बोलून राहिलेत त्यात ऐकन्यासारखं काय असतंय?" असं वर आम्हालाच विचारतात.

पण एका माणसाचं ऐकायचं होतं त्यांना. त्यांच्या थोरल्या बहिणीचं. अप्पांची ती अक्का, माझी आत्या.

अप्पांची आई ते लहान असतानाच गेली. आत्यानंच त्यांना कडेवर घेऊन वाढवलं. मग ती भालकीकडं दिली, म्हणजे हद्दीपलीकडं, कानडी मुलखात. तिचं अर्धं बोलणं तेव्हापासून कानडी झालं. ती अप्पांना 'तम्मा' म्हणते. कानडीत धाकट्या भावाला तम्मा म्हणतात. आमच्या गावात अप्पांना सगळे अप्पाच म्हणतात, काठी टेकत येणारे म्हातारेसुद्धा 'काय अप्पा' म्हणून राम राम घालतात. त्यांना 'अरे' म्हणणारं, 'तम्मा, हिकडं ये' म्हणून दरडावणारं तोंड आता जगात हे एकच उरलं होतं. आणि त्या तोंडातून आवाज निघत नव्हता. आत्याच्या घशाचं मोठं ऑपरेशन झालं होतं. तेव्हापासून ती बोलते म्हणजे नुसता वारा निघतो, कान तोंडापाशी नेला तर कळतं. फोनचा तर विषयच संपला. याला ऐकू येत नाही, तिला बोलता येत नाही, आणि दोन्हीकडं नातवंडं फोन धरून उभी.

अशात आत्याचा निरोप आला: येळवशीला शेतात येते.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या. आमच्या लातूर जिल्ह्यात त्या दिवशी माणूस घरात सापडत नाही. सगळी दुनिया शेतात. ज्याला शेत नाही त्याला दुसऱ्याच्या शेताचं आवतन. कडब्याची कोप उभी करायची, आत दगडाचे पांडव मांडून पूजा करायची, पिकात आंबील शिंपडायची आणि मग भज्जी म्हणजे शेंगा-पालेभाज्यांची मिसळभाजी, बाजरीचे उंडे, आंबील यांच्यावर आडवा हात मारून बांधाच्या सावलीला आडवं व्हायचं.

निरोप आल्यापासून अप्पांनी मिशीन काढून डब्यात ठेवलं. भावाला सांगून नवे सेल मागवले, मुगाच्या डाळीएवढे ते बारके सेल असतात ना, ते. "आता कुनासाठी खर्चायचे न्हाईत. अक्का आली की लावीन." सकाळ-संध्याकाळ एकच बोलणं, 'अक्का काय म्हनंल, अक्का काय म्हनंल.' भाऊ फोनवर मला म्हणाला, "दादा, अप्पा लेकरावानी करून राहिलेत."

येळवशीच्या आदल्या आठवड्यात मी उदगीरला गेलो होतो. घरी परतायच्या आधी सवयीप्रमाणे सेल गोळा करायची फेरी मारली. भावाच्या टॉर्चमधले घेतले, टीव्हीच्या रिमोटमधले घेतले, ते संपलेले आहेत याची भावजयीकडून दोनदा खात्री करून घेतली. बारशाची आठवण होती मला, अगदीच काही मी हा नाही. मग अप्पांच्या खोलीत गेलो. अप्पा दुपारचे झोपले होते. उशाशी देवळी, देवळीत विभूतीची पितळी डबी आणि शेजारी गोळ्यांची रिकामी बाटली. बाटलीत कानाच्या मिशीनचे सेल होते. उघडे, चकचकीत. डबी उघडली तर तिच्यातही सेल. आणि काय सांगू, त्या प्रत्येक सेलच्या तोंडावर एक बारकी रंगीत पट्टी नीट चिकटवलेली!

माझा ऊर भरून आला. दिवाळीत मी अप्पांना बसवून, ओरडून ओरडून, हातवारे करून शिकवलं होतं की संपलेल्या सेलला पट्टी लावून वेगळा ठेवायचा. तेव्हा ते म्हणाले होते, "मेलेल्याला पट्टी बांधून काय उपेग?" आणि आज बघा. या माणसानं उभ्या आयुष्यात माझं काही ऐकलं नव्हतं. मी सायन्सला जात नाही म्हणालो तर घातलं, रेल्वेत जातो म्हणालो तर महिनाभर बोलले नाहीत. आणि आता सुपारी कातरणाऱ्या त्या बोटांनी, एवढ्या बारक्या सेलना, एकेक पट्टी! मी तिथंच डोळे पुसले. खोटं नाही सांगत.

पट्टी लावलेले ते मेलेले, उघडे ते नवे. माझा नियमच तो. मेलेले सगळे उचलले, वरून माझ्या टेपचा आणखी एक वेढा दिला, बरणीत टाकले. नव्यांच्या बाटलीचं झाकण घट्ट आवळून ती वरच्या फळीवर ठेवली, कारण घरात भावाची नात रांगून राहिली होती. इतका मी काळजीवाहू माणूस. अप्पांना उठवलं नाही. नांदेडला आलो आणि दुसऱ्याच दिवशी बरणी पेटीत ओतली. खडखडाट झाला, तो मला नेहमीच आवडतो.

येळवशीला मी आणि बायको शेतात पोचलो तेव्हा पूजा झाली होती. हरभरा गुडघ्याच्या खाली दाटलेला, ज्वारी पोटरीत, कोपीच्या भोवती घोंगड्या अंथरलेल्या. आत्याच्या नातवाची गाडी बांधापाशी थांबली. दोघांनी धरून तिला उतरवलं. किती वाळली होती! लुगड्यात माणूस आहे की नुसतं लुगडंच चालून राहिलंय, असं वाटलं. अप्पा धडपडत पुढं गेले. तिनं तोंड उघडलं, तशी अप्पांनी लहान पोरासारखा हात वर केला. "थांब अक्का! आत्ताच बोलू नको. मिशीन लावतो."

कोपीत ठेवलेल्या पिशवीतून डबी निघाली. अप्पांनी ती उघडली, बोट फिरवलं. बोटाला फक्त विभूती लागली.

"सेल कुटं हायत?"

भावजय धावत आली. "मीच ठेवले होते ना अप्पा! पाकिटातून काढून दिले होते, वरची पट्टी तशीच ठेवून." मग आम्हा सगळ्यांना सांगू लागली, "ती पट्टी काढली की सेलला हवा लागते न्हवं, मग त्यो चालू होतोय. दुकानदारानं बजावून सांगितलं होतं, लावायच्या आधी पट्टी काढू नका म्हनून."

माझ्या हातात भज्जीत कालवलेला उंडा होता. तो हातातच राहिला. बायकोनं माझ्याकडं बघितलं. "अहो," एवढंच म्हणाली. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिच्या 'अहो'चे सगळे प्रकार मला ठाऊक आहेत. हा प्रकार मी बारशानंतर दुसऱ्यांदा ऐकत होतो.

गुन्हा कबूल करायचा तर तोही ओरडून करावा लागणार, नाहीतर अप्पांना कळणार कसा? शेवटी भावानं हातवारे करून दाखवलं. माझ्याकडं बोट. मग टेप लावल्यासारखं. मग उचलून फेकल्यासारखं. मग नांदेडच्या दिशेला हात. अप्पा सगळं बघत होते. मग म्हणाले, "ह्यानं?"

शिवी घातली असती तर बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त डबीचं झाकण लावलं आणि आत्याचा हात धरून खाली बसले. मी भावाला म्हणालो, गाडी काढ.

आम्ही मोटारसायकल काढून उदगीर गाठलं. पण येळवशीचं उदगीर! मोंढा बंद, बाजार बंद, एरवी पाय ठेवायला जागा नसते त्या चौकात एक कुत्रं पाय ताणून झोपलेलं. कानाच्या मिशीनच्या दुकानाला कुलूप. पाटीवरचा नंबर फिरवला. दुकानदार म्हणाला, "साहेब, मी शेतात हाय. आंबील पिऊन पडून राहिलोय."

"दुकान उघडा ना जरा, लई अडचण आहे."

"चाव्या घरी, घरचे शेतात, शेत पार तिकडं. सांजच्याला बघू."

सांजच्याला काय बघू? आत्याला उन्हं कलायच्या आत परत न्यायचं होतं, तिची औषधं, तिचं आडवं होणं सगळं घड्याळावर. एक मेडिकल उघडं सापडलं. त्यानं घड्याळाचे सेल दाखवले, वजनकाट्याचे दाखवले. हवे होते ते नव्हते. नांदेडला जाऊन यायचं म्हटलं तर दिवस बुडाला असता, आणि गेलो असतो तरी करणार काय होतो? पेटीचं कुलूप फोडून माझ्याच बरण्यांत बोटं घालणार? तसे सेल बाहेर काढू नयेत म्हणून कुलूप लावा, असा आग्रह मीच धरला होता.

हात हलवत परत आलो. बघतो तर अप्पांनी काळी घोंगडी उन्हात पसरली होती आणि तिच्यावर पिशवीतून आणलेल्या बाटलीतले सेल मांडले होते, एकेक वेगवेगळा. ते उघडे, चकचकीत, जे मी नवे समजून जपून वरच्या फळीवर ठेवले होते, तेच. सगळे वापरून झालेले. अप्पा ते टाकत नसत. 'आराम दिला की उठतेत,' असं त्यांचं म्हणणं.

आता याच्यावर माझं भाषण आहे. चांगलं लांबलचक. सेल उन्हात भरत नसतो, तापवू तर नयेच नये. कॉलनीतल्या एका आजींना यावरून मी इतकं बोललो होतो की त्यांनी मला चहासुद्धा विचारला नाही. आजही कुणी विचारलं तर मी हेच सांगीन. पण त्या दिवशी मी चप्पल काढली, घोंगडीच्या कडेला बसलो आणि पापड परतावेत तसे ते सेल एकेक बोटानं परतायला लागलो, दुसऱ्या बाजूलाही ऊन लागावं म्हणून. बायको कोपीतून बघत होती. तिनं पदर तोंडाला लावला. रडत होती की हसत होती, मी विचारलं नाही.

पहिला सेल घातला. मिशीन अप्पांच्या कानात किणकिणलं. उन्हानं म्हणा, आरामानं म्हणा, त्यात कायतरी धुगधुगी होती खरी. अप्पांचा चेहरा असा उजळला की मला खाली बघावं लागलं. भावजयीनं सगळ्यांना गप्प केलं, भावानं शेजारच्या शेतात जाऊन त्यांचं गाणं बंद करायला लावलं. आत्या पुढं सरकली. तिला सांगितलं होतं, लवकर बोल, सेलमध्ये फार जीव नाही. तिनं काय करावं? अख्खा पहिला सेल तिनं माझ्यावर खर्च केला.

"तम्मा," ती म्हणाली, "तुझा पोरगा शिकून शिकून येडा झालाय की रे."

अप्पा खदाखदा हसले. "हाव अक्का! हाव! मी कवापासून सांगून राहिलोय, कुनी ऐकत न्हाई!" आत्या आणखी कायकाय बोलली, लहानपणी मी शेणाच्या गोवऱ्या मोजत बसायचो वगैरे. मग मिशीन कुईं करून गप्प झालं.

दुसऱ्या सेलवर दोघांचं भांडण झालं. अप्पा लहान असताना याच शेतात येळवशीची आंबील सांडली होती. मडकं कुणी पालथं केलं? आत्या म्हणे, तू कडेवर हात-पाय झाडून राहिला होतास, तुझा पाय लागला. अप्पा म्हणाले, "साफ खोटं! तुझं ध्यान पतंगाकडं होतं." दोन म्हाताऱ्या माणसांनी त्या आंबिलीवरून असा काही दंगा केला की शेजारच्या शेतातली माणसं बांधावर येऊन उभी राहिली. निकाल लागायच्या आतच सेल गेला. तिसरा तर नुसता 'तम्मा' म्हणेपर्यंत टिकला. पुढचे घातले, ते किणकिणलेसुद्धा नाहीत.

अप्पांनी मिशीन काढलं आणि सगळे सेल गोळा करून माझ्या ओंजळीत घातले. "घे. आता खरंच मेले."

मी रीळ काढलं. दुसरं काय येतं मला? तिथंच बसून एकेकाला टेप लावायला लागलो, खाली मान घालून. आत्या अप्पांशेजारी बसली होती, मी तिच्या पायाशी. म्हणून तिचं पुढचं बोलणं फक्त मला ऐकू आलं. मिशीन बंद आहे हे तिला ठाऊक होतं की नव्हतं, कुणास ठाऊक. ती बोलत राहिली.

"तम्मा, पुढच्या येळवशीला माझी वाट बघू नकोस. डॉक्टरनं पोरांना सांगितलंय, पोरं मला सांगत न्हाईत, पन कळतंय की मला. तू येडा हायस. बांधावर जाऊन रस्त्याकडं बघत बसशील, जेवनार न्हाईस. म्हनून आले. येकदा तोंडानं सांगावं म्हनलं. तू येळंवर जेव."

अप्पांना तिचे ओठ हलताना दिसले. त्यांनी माझ्याकडं बघितलं. "काय म्हनून राहिली?"

मोठ्यानं सांगायचं होतं. अप्पांच्या कानाशी, बेंबीच्या देठापासून ओरडून, बांधावर उभ्या असलेल्या साऱ्या गावासमोर सांगायचं होतं की तुमची अक्का आता परत येणार नाही. आयुष्यभर ज्याला त्याला भाषण देत फिरलो. तोंड कधी थांबलं नाही. आणि तेव्हा ओरडलो ते हे:

"आत्या म्हणतेय, भज्जी झकास झालीय!"

"हाव, हाव, झकास!" बांधावरून कुणीतरी दाद दिली.

अप्पा आत्याकडं बघत राहिले. मग शांतपणे म्हणाले, "भज्जी खाऊन कुनी रडत असतंय का?"

मी टेपचं टोक नखानं उकरत राहिलो, ते सापडेना. अप्पांनी आत्याचा हात आपल्या मांडीवर घेतला. त्यांच्या बोटांना मघाची विभूती लागलेली होती, ती तिच्या मनगटाला लागली. "कळलं मला, अक्का," ते म्हणाले. "जेवीन मी." एवढं तिला ऐकू आलं. तिचे कान चांगले होते.

उन्हं कलायला लागली तशी नातवानं गाडी बांधाला आणली. आत्याला आत बसवलं, उशी दिली, काच खाली केली. अप्पा थोडं मागं, हरभऱ्याच्या कडेला उभे राहिले. जवळ आले नाहीत. मी आत्याच्या पायाशी चादर नीट करत होतो, तर तिनं माझ्या शर्टाची कॉलर धरून मला खाली ओढलं. त्या हातात इतकं बळ असेल असं वाटलं नव्हतं.

"त्याला हाक मार," ती कानात म्हणाली. "माझी हाक. माझ्यानं आता तितक्या लांब जात न्हाई."

"आत्या, ते माझे वडील आहेत. मी कसं..."

"म्हन."

"सगळे बघून राहिलेत ना आत्या."

"सेल टाकलेस तवा न्हाई लाजलास?"

सरळ उभा राहिलो. भाऊ, भावजय, बायको, शेजारच्या शेतातली माणसं, सगळी माझ्याकडं बघत होती. पिकल्या केसांचा मी माणूस, नातवंडं मांडीवर खेळवण्याच्या वयाचा. ज्यांच्यासमोर कधी वर मान करून बोललो नाही, त्या बापाकडं तोंड करून छाती भरून ओरडलो.

"तम्माऽऽ!"

बांधावर कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. अप्पांनी मान वर केली. माझ्याकडं बघितलंच नाही. गाडीच्या खिडकीकडं बघत, शेतात खेळणाऱ्या पोराला घरून हाक आल्यावर ते ओरडतं तसे ते ओरडले:

"हाव अक्का! आलो!"